अमेरिकन साहित्यातील रोजमर्रा

उर्दू व्याकरण शिकवताना 'रोजमर्रा' हा शब्द दरवर्षी येतो. मराठी वाचकाला वाटेल, यात शिकवण्यासारखे काय आहे? रोजमर्रा म्हणजे रोजचे, नेहमीचे. ते खरेच आहे. पण उर्दू समीक्षेत या शब्दाला दुसराही अर्थ आहे. ज्यांची ती जबान आहे ते लोक प्रत्यक्षात जसे बोलतात, त्या बोलण्याच्या रीतीला रोजमर्रा म्हणतात. मौलाना अल्ताफ हुसेन हाली यांनी १८९३ च्या 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी'त रोजमर्रा आणि मुहावरा यांची चर्चा केली आहे. मराठीतला दाखला द्यायचा तर, 'पाच-सात माणसे आली होती' असे आपण म्हणतो, 'चार-सात माणसे आली होती' असे म्हणत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पण दुसरे वाक्य कोणी बोलत नाही, म्हणून ते चूक.

रोजचे जगणे आणि रोजचे बोलणे यांना एकच शब्द असावा, हा आम्हाला निव्वळ योगायोग वाटत नाही. गेली काही वर्षे सवडीने अमेरिकन कथा-कविता वाचताना हाच शब्द सारखा आठवत राहिला. तिकडच्या लेखकांनी पाव, इस्त्री, कपड्यांची धुलाई अशा क्षुल्लक गोष्टींचे साहित्य केले, असे सर्रास म्हटले जाते. आणि विषय साधे निवडले म्हणून त्यांना ते साधले, असा समजही आढळतो. आमचे मत थोडे वेगळे आहे. साधा विषय कोणालाही निवडता येतो. त्या जगण्याची जबान आणि त्या जगण्याच्या वाट्याला येणारा वेळ, या दोन गोष्टींशी या लेखकांनी बेइमानी केली नाही. त्यांचे खरे यश तेथे आहे.

अमेरिकेचे नाव काढले की आपल्या वाचकाच्या कपाळावर आठी पडते, हे आम्ही जाणतो. २००१ नंतर अफगाणिस्तानात आणि २००३ नंतर इराकमध्ये जे झाले ते विसरण्यासारखे नाही. पण ज्या देशाची विमाने साऱ्या जगाला दिसतात, त्या देशातल्या पाववाल्याची किंवा दुसऱ्याच्या घरची फरशी पुसणाऱ्या बाईची जिंदगी जगाला दिसत नाही. सिनेमातही ती क्वचितच असते. मंटोने १९५१ ते १९५४ या काळात 'चचा साम'ला उपरोधाची पत्रे लिहिली. पण चचा सामच्या घरातली भांडी कोण घासते, हे सांगितले ते त्याच्याच देशातल्या लेखकांनी.

मागचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाऊ. वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली 'लीव्हज ऑफ ग्रास' पदरमोड करून छापले आणि सुतार, नावाडी, गाडीवान यांना कवितेत मानाने बसवले. मार्क ट्वेनने 'हकलबेरी फिन' ही अख्खी कादंबरी एका उनाड, अर्धशिक्षित पोराच्या तोंडून सांगितली. अमेरिकेत ती १८८५ साली आली. पुढे १९३५ साली हेमिंग्वेने सगळे आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून निघाल्याचे म्हटले. अतिशयोक्ती सोडून दिली तरी त्यात तथ्य आहे. ज्याला धड व्याकरण येत नाही अशा पोराचा आवाज हा ग्रंथाचा आवाज होऊ शकतो, हे एकदा सिद्ध झाल्यावर पुढच्यांची वाट मोकळी झाली. लँग्स्टन ह्यूजने हार्लेमच्या गल्ल्यांतली काळ्या माणसांची बोली आणि त्यांच्या गाण्याची लय १९२६ च्या 'द वेअरी ब्लूज'मध्ये आणली ती याच वाटेने.

कवी विल्यम कार्लोस विल्यम्स हे पेशाने डॉक्टर होते. न्यू जर्सी राज्यातल्या रदरफोर्ड या गावी १८८३ साली जन्म, तेथेच दवाखाना आणि १९६३ साली तेथेच मृत्यू. त्यांच्याकडे येणारे रुग्ण बहुतेक आसपासच्या कारखान्यांतले मजूर, इटली आणि पोलंडहून आलेली गरीब कुटुंबे. हजारो बाळंतपणे त्यांनी केली. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात टाइपरायटर पुढे ओढायचा, नाहीतर औषधाच्या चिठ्ठीवरच ओळी खरडायच्या, अशी त्यांची लिखाणाची रीत. त्यांच्या बऱ्याच कविता आखूड का आहेत, याचे एक उत्तर त्यांच्या दवाखान्याबाहेरच्या रांगेत सापडते! आपली भाषा कोठून येते, या प्रश्नावर त्यांनी इंग्लंडच्या महाकवींचे नाव घेतले नाही, पोलिश आयांच्या तोंडाकडे बोट दाखवले.

हे वाचल्यावर आम्ही एकदा वर्गात एक प्रयोग केला. 'मेरी माँ' या विषयावर मुले दरवर्षी एकच निबंध लिहितात. माँ पहाटे उठते, माँच्या पायाखाली जन्नत आहे, माँचे उपकार फिटणार नाहीत. सगळे खरे, आणि सगळ्यांचे सारखे. आम्ही म्हटले, निबंध राहू द्या, आज सकाळी माँ तुम्हाला जे बोलली तेवढेच लिहा, एक अक्षर न बदलता. मुले आधी लाजली. घरात दखनी बोलायची आणि वहीत किताबी उर्दू लिहायची, ही त्यांची सवय. मग एकाने लिहिले, 'चाय ठंडी हो गई तो मेरेकू नक्को बोल.' दुसऱ्याने लिहिले, 'अब्बाकू बोल, गॅस खतम हुआ, तू बोल, मैं नै बोलती.' या दुसऱ्या वाक्यात एका घराचा महिनाअखेर आहे, नवरा-बायकोचा अबोला आहे आणि दोघांच्या मध्ये उभे असलेले पोर आहे. निबंधाच्या वीस ओळींत यातले काहीही आले नसते.

विल्यम्स यांची सर्वांत गाजलेली कविता अवघ्या सोळा शब्दांची आहे. १९२३ च्या 'स्प्रिंग अँड ऑल' या पुस्तकात ती आली. पावसाने भिजलेली एका चाकाची लाल ढकलगाडी आणि शेजारी पांढऱ्या कोंबड्या. कवितेत दिसते ते एवढेच. जगभरच्या विद्यार्थ्यांनी या सोळा शब्दांवर पानेच्या पाने उत्तरे लिहिली असतील. पण ती ढकलगाडी होती कोणाची? मार्शल नावाच्या म्हाताऱ्या काळ्या शेजाऱ्याची, एवढा उल्लेख विल्यम्स यांनी पुढे केला होता. तो थॅडिअस मार्शल, रदरफोर्डमध्येच राहणारा फेरीवाला, हे संशोधनातून पुढे आले ते २०१५ साली. म्हणजे कविता प्रसिद्ध झाल्यानंतर बाण्णव वर्षांनी. तो मरण पावला १९३० साली आणि त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. तो २०१५ मध्येच बसवण्यात आला.

यामुळे कविता लहान होते, असे आम्हाला म्हणायचे नाही. विल्यम्स यांना त्या म्हाताऱ्याविषयी आपुलकी होती आणि ती कवितेतही उतरली आहे, असे आम्हाला वाटते. तरीही, ज्याच्या अंगणातून वस्तू उचलली त्या माणसाचे नाव कागदावर यायला इतका काळ लागावा, ही गोष्ट बोचते. रोजच्या जगण्याचे साहित्य होते तेव्हा ते जगणे कोणाचे आणि लिहिणारा कोण, हा हिशेब मागे उरतोच.

रेमंड कार्व्हरकडे वळल्यावर हा हिशेब निराळा होतो, कारण तो स्वतःचेच जगणे लिहीत होता. १९३८ साली ऑरेगन राज्यात जन्म. वडील लाकूड कापण्याच्या गिरणीत कामाला, दारूचे व्यसन. एकोणिसाव्या वर्षी कार्व्हरचे लग्न झाले आणि विसाव्या वर्षी तो दोन मुलांचा बाप होता. पोटासाठी त्याने गिरणीत काम केले, माल पोचवला, रुग्णालयात रात्रपाळीत साफसफाई केली. पुढे वडिलांचे व्यसन त्यालाही लागले आणि त्याने घर उद्ध्वस्त केले. २ जून १९७७ ला त्याने दारू सोडली ती कायमची. त्यानंतर त्याला अकरा वर्षे मिळाली. १९८८ साली पन्नासाव्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला.

'फायर्स' नावाच्या एका लेखात कार्व्हरने स्वतःच्या लेखनावर सर्वांत मोठा प्रभाव कोणाचा, याचा विचार केला आहे. अशा लेखात लेखक थोरामोठ्यांची नावे घेतात. कार्व्हर आयोवा सिटीतल्या एका लॉन्ड्रोमॅटची गोष्ट सांगतो. नाणी टाकून कपडे धुण्याची आणि वाळवण्याची यंत्रे असलेले हे दुकान. बायको हॉटेलात वाढपी म्हणून कामावर गेलेली, मुलांना आणायची वेळ होत आलेली, आणि हा ओल्या कपड्यांची टोपली घेऊन एखादे वाळवण्याचे यंत्र रिकामे होण्याची वाट बघत उभा. एक यंत्र थांबले. कोणी आले नाही तर ते आपले, म्हणून तो पुढे सरकला. तेवढ्यात यंत्रवाली बाई आली, तिने आत हात घालून कपडे चाचपले, आणि आणखी नाणी टाकून यंत्र पुन्हा सुरू केले. बस्स, एवढीच घटना. पण त्या क्षणी त्याला रडू यायचे बाकी राहिले, आणि उमगले की आपल्या आयुष्यावर या दोन मुलांइतका प्रभाव दुसऱ्या कशाचाच असणार नाही. कादंबरीला लागणारा सलग वेळ आपल्याला मिळणार नाही, एका-दोन बैठकांत संपेल तेवढेच आपण लिहू शकू, हा त्याने काढलेला निष्कर्ष. घरात जागा नसे तेव्हा तो बाहेर मोटारीत बसून मांडीवर वही ठेवून लिहीत असे.

कार्व्हरच्या आखूड कथांना पुढे 'मिनिमलिझम' हे भारदस्त नाव मिळाले, विद्यापीठांत त्यावर प्रबंध झाले. आम्हाला मात्र त्या आखूडपणात कपडे वाळण्याची वाट बघणारा बाप दिसतो. आपल्याकडे शाळा सुटल्यावर शिकवण्या, मग घरचा बाजारहाट, मग इशाच्या नमाजनंतर वही उघडणारे जे लेखक आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण कार्व्हरच्या आखूडपणात आणखी एक हात होता, आणि तेथे आमचा वाद आहे. १९८१ साली आलेल्या त्याच्या 'व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह' या संग्रहाचे हस्तलिखित संपादक गॉर्डन लिश यांनी जवळजवळ निम्म्यावर आणले. कार्व्हरने जुलै १९८० मध्ये पत्र लिहून छपाई थांबवण्याची विनवणी केली. पुस्तक कापलेल्या रूपातच निघाले आणि खूप गाजले. मूळ हस्तलिखित 'बिगिनर्स' या नावाने २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वाचकांना कात्रीच्या आधीचा कार्व्हर वाचायला मिळाला.

यातली एक कथा आम्ही दोन्ही रूपांत पुन्हा पुन्हा वाचली आहे. एक आई मुलाच्या आठव्या वाढदिवसाचा केक सांगायला बेकरीत जाते. बेकरीवाला तुसडा, कामापुरते बोलणारा. वाढदिवसाच्या सकाळी शाळेत जाताना मुलाला मोटारीची धडक बसते. तो उठून चालत घरी येतो आणि मग बेशुद्ध पडतो. आईबाप रुग्णालयात बसून असतात. अंघोळीसाठी, कपडे बदलण्यासाठी आळीपाळीने घरी जातात, तेव्हा फोन वाजतो. पलीकडून कोणीतरी मुलाविषयी काहीतरी बोलते आणि ठेवून देते. फोन बेकरीवाल्याचा आहे. त्याचा केक कोणी नेलेला नाही. त्याला यातले काहीच माहीत नाही.

लिश यांनी कापलेल्या 'द बाथ' या कथेत फोन वाजतो आणि कथा तेथेच संपते. मुलगा जगला की गेला, कळत नाही. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, हे मान्य. पण १९८३ च्या 'कॅथीड्रल' या संग्रहात कार्व्हरने 'अ स्मॉल, गुड थिंग' हे मूळचे नाव देऊन ही कथा विस्ताराने छापली. त्यात मुलगा मरतो. फोन कोणाचा हे ध्यानात आल्यावर आईबाप संतापाने मध्यरात्री बेकरीत शिरतात. भांडण होते. खरी गोष्ट कळल्यावर तो तुसडा माणूस हातातले काम टाकतो, दोघांना खुर्च्या देतो, माफी मागतो आणि भट्टीतून नुकतेच निघालेले गरम बन त्यांच्यापुढे ठेवतो. अशा वेळी काहीतरी खाल्ले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. दोघे खातात. तो आपल्या मूलबाळ नसलेल्या आयुष्याविषयी, वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या समारंभांसाठी भट्टी पेटती ठेवण्याविषयी बोलत राहतो. उजाडते तरी ते उठत नाहीत.

तिकडच्या काही समीक्षकांना हा शेवट हळवा वाटतो. आम्हाला तो मुळीच हळवा वाटत नाही. मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे लोक जेवण पोचवतात आणि 'दोन घास खा' म्हणून आग्रह करतात, ही आपल्याकडची रीत आहे. हजरत जाफर यांच्या शहादतीनंतर त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करण्यास पैगंबरसाहेबांनी सांगितले होते, ती सुन्नत आहे. कार्व्हरला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. तो बेकरीवाल्यापाशी थांबला आणि दुःखात माणूस माणसाला काय देऊ शकतो ते त्याने नीट पाहिले, म्हणून तो तेथवर पोचला. लिश यांच्या कात्रीने कथा धारदार झाली असेल, पण पाव कापला गेला. रोजच्या जगण्यात भीती असते तशी ही भाकरीही असते; फक्त भीती ठेवून भाकरी गाळणे हाही एक प्रकारचा खोटेपणाच.

या सगळ्यात कार्व्हरची बायको मॅरिअॅन कोठे आहे? तिच्या हॉटेलातल्या पाळ्यांवर घर चालले, त्याचे शिक्षण झाले, आणि तिच्या संसाराची भांडणे त्याच्या कथांत गेली. तिने आपली बाजू २००६ साली पुस्तक लिहून सांगितली. मार्शलच्या ढकलगाडीचा प्रश्न येथेही सुटत नाही.

टिली ओल्सन ही लेखिका आम्हाला या सर्वांहून जवळची वाटते, आणि त्याला आमचा पेशाही कारण असेल. नेब्रास्का राज्यात ज्यू स्थलांतरितांच्या घरात तिचा जन्म झाला. शाळा पुरी झाली नाही, कारखान्यांत आणि घरोघर कामे केली, चार मुली वाढवल्या. बसमध्ये उभ्याउभ्या आणि रात्री घरातली कामे आवरल्यावर मिळेल त्या वेळात ती लिहीत असे. 'टेल मी अ रिडल' हे तिचे पहिले पुस्तक १९६१ साली आले तेव्हा ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. ज्यांना लिहायला वेळच मिळाला नाही अशा लेखकांविषयी, विशेषतः बायकांविषयी, तिने १९७८ साली 'सायलेन्सेस' हे पुस्तक लिहिले. २००७ साली ती वारली.

'आय स्टँड हिअर आयर्निंग' ही तिची कथा मोजक्या पानांची आहे. एक आई इस्त्री करीत उभी आहे. तिच्या एकोणीस वर्षांच्या एमिली या मुलीविषयी बोलायला शाळेतून कोणीतरी बोलावणे पाठवले आहे. इस्त्री मागे-पुढे फिरते आणि आई मनातल्या मनात त्या बोलावणाऱ्याला उत्तर देत राहते. एमिली आठ महिन्यांची असताना बाप सोडून गेला. मंदीचे दिवस. कामावर जायचे म्हणून तिला कधी खालच्या मजल्यावरच्या बाईकडे ठेवले, कधी बापाच्या घरच्यांकडे पाठवले, कधी आजारी मुलांच्या संस्थेत. तेथे घरून आलेले पत्र एकदा वाचून दाखवत, मुलांना ते जवळ ठेवता येत नसे. रात्री घरात एकटी राहिलेली लहानगी एमिली एकदा घड्याळ फेकून देते, कारण ते फार मोठ्याने बोलत होते. घड्याळ 'वाजत' होते असे ती म्हणत नाही. हालींनी हे वाक्य वाचले असते तर लहान मुलांचा रोजमर्रा म्हणून त्याची नोंद केली असती, असे आम्हाला उगाचच वाटते.

कथेत ज्याला उद्देशून ही आई बोलते तो माणूस कधीच समोर येत नाही. त्याचे नाव नाही, आवाज नाही. वाचता वाचता लक्षात येते की त्या रिकाम्या खुर्चीवर आपण शिक्षक बसलो आहोत. मुलगी अबोल आहे, वर्गात लक्ष नाही, म्हणून आपण वालिदाला बोलावणे धाडतो. ती बुरख्याचे टोक सावरत दारात उभी राहते, 'जी सर, जी सर' म्हणते आणि जाते. जे ती बोलत नाही ते ओल्सनने लिहिले आहे. ओल्सनची आईही शेवटपर्यंत शाळेत जाते की नाही, कळत नाही. तिला मुलीसाठी फार काही नकोच आहे; पोरीने स्वतःला इस्त्रीखालच्या कपड्यासारखे असहाय समजू नये, एवढेच तिचे मागणे.

या कथेत इस्त्री प्रतीक म्हणून येत नाही, आधी इस्त्री म्हणूनच येते. कपडे संपेपर्यंतच आईला विचार करायला वेळ आहे. कथेची लांबी कपड्यांच्या ढिगाने ठरली आहे. राजिंदर सिंह बेदी यांच्या 'गरम कोट'मधला कारकून कोटासाठी जमवलेल्या पैशांचा हिशेब करतो तेव्हा उर्दू अफसान्यातही असेच काहीसे घडते. बेदी स्वतः लाहोरच्या टपाल खात्यात नोकरीला होते.

लुसिया बर्लिनविषयी थोडेच सांगतो, कारण तिच्या कथा सांगण्यापेक्षा वाचण्याच्या आहेत. १९३६ साली अलास्कात जन्म, चार मुलगे, व्यसन, आणि पोटासाठी शाळेत शिकवण्यापासून लोकांच्या घरी साफसफाई करण्यापर्यंत सगळे. तिच्या 'अ मॅन्युअल फॉर क्लीनिंग विमेन' या कथेचे भाग बसच्या क्रमांकांनी पाडलेले आहेत. या बसने या मालकिणीकडे, त्या बसने त्या मालकिणीकडे. मधूनमधून घरकाम करणाऱ्या बायकांना थट्टेच्या सुरात दिलेल्या सूचना येतात, आणि त्या थट्टेखाली गमावलेल्या माणसाचा शोक वाहत असतो. ही निवेदिका लोकांच्या घरातून पैसा चोरत नाही, झोपेच्या गोळ्या चोरते. तिच्या निवडक कथांचे याच नावाचे पुस्तक २०१५ मध्ये खूप खपले. बर्लिन २००४ सालीच वारली होती.

आता जिच्यासाठी हा लेख लिहावा असे मुळात वाटले, त्या कवितेकडे येतो. मोहजा कहफ ही दमास्कसमध्ये १९६७ साली जन्मलेली, लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेली आणि इंडियाना राज्यात वाढलेली मुस्लिम लेखिका. तिच्या 'ई-मेल्स फ्रॉम शहरजाद' या २००३ च्या संग्रहात एक कविता आहे. आजी सीअर्सच्या दुकानातल्या स्वच्छतागृहात, हात धुण्याच्या बेसिनमध्ये पाय टाकून वजू करते आहे. सीअर्स म्हणजे अमेरिकेतल्या मध्यमवर्गाचे घराघरात माहीत असलेले दुकान. नमाजची वेळ टळू नये म्हणून ही धडपड. आजूबाजूच्या सभ्य गोऱ्या बायका नाक मुरडतात. आजीला त्यांची भाषा येत नाही, पण नजर कळते. ती अरबीत तडकते. हलबच्या खानदानी घरांत नक्षीदार भांड्यांत पाय धुतलेली बाई ती. या बायकांनी तिला स्वच्छता शिकवावी? मध्ये उभी नात. ती दोघींचे एकमेकींना सांगते, सगळे नाही, सोयीचे तेवढेच. शेवटी ती दार उघडून धरते, सगळ्या बाहेर पडतात आणि सवलतीच्या दरात लावलेल्या घरगुती सामानाच्या गर्दीत मिसळून जातात.

वजू म्हणजे काय, हे कवयित्री आरंभीच दोन-तीन ओळींत सांगून टाकते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. इस्लाममध्ये स्वच्छतेला किती महत्त्व आहे यावर ती व्याख्यान देत नाही. गोऱ्या बायकांना खलनायिका करत नाही. त्यांच्या दृष्टीने बेसिनमध्ये पाय घालणे खरोखरच घाणेरडे आहे, हेही तिला दिसते. आजीचा अहंकारही ती लपवत नाही. कविता प्रसिद्ध झाली तेव्हा २००१ च्या सप्टेंबरला फार काळ लोटला नव्हता. अमेरिकेत मुसलमान असणे म्हणजे रोज स्वतःचा खुलासा देणे, असे ते दिवस. त्या दिवसांत तिने खुलासा न देता आजीचे ओले पाय दाखवले.

आपल्या मराठी लेखनाकडे यानंतर पाहिले तर काय दिसते? दंगल दिसते, तलाक दिसतो, संशय दिसतो. हे सारे लिहिले गेलेच पाहिजे आणि ज्यांनी लिहिले त्यांनी किंमत मोजून लिहिले. पण पुष्कळदा ते 'त्यांना' समजावून सांगण्यासाठी लिहिलेले असते, आणि समजावताना घरातली जबान गळून पडते. कथेतली अम्मा छापील मराठीत बोलते किंवा सिनेमातल्या उर्दूत. कोकणातली आमची माणसे कोकणी बोलतात, मराठवाड्यातली दखनी, सोलापूरकडची आणखी निराळी. यांतली किती वाक्ये आपल्या दिवाळी अंकांत आणि वार्षिकांत आली?

आमचे एक ज्येष्ठ मित्र यावर म्हणाले, 'समाज जळत असताना तुम्ही चहाच्या कपावर लिहायला सांगता.' हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण ओल्सनच्या कथेत एमिली घरी येते, आईची थट्टा करते, खायला काहीतरी घेते आणि परीक्षेचे काय म्हणून विचारल्यावर हसत सांगते, दोन-चार वर्षांत सगळेच अणुबॉम्बने मरणार आहोत, मग परीक्षेला कोण विचारतो! आणि झोपायला निघून जाते. १९५० नंतरच्या दशकातली सारी अमेरिकन भीती त्या पोरीच्या एका वाक्यात आली आहे, स्वयंपाकघरातून, इस्त्रीच्या टेबलाजवळून.  आईची इस्त्री चालूच असते.